मोकळी जागा

रोशन कोयंडेला मनगटावर
बोटीचं अख्खं नाव हवं होतं, 'महापुरुष',
तेही तांदळाएवढ्या अक्षरात.
म्हटलं, तिथे रोज जाळ्याची दोरी घासणार.
दंडाच्या आत घे, उन्हाच्या आड.
आणि शाई बसून राहत नाही रे,
वर्षाला केसभर सरकते.
'ष'चं पोट आज मोकळं सोडलं नाही
तर दहा वर्षांत नुसता डाग.

पटेना.

तेवढ्यात देवगड जेटीवरून त्याची आत्ये आली,
पाटी टेकवून हात पुढे केलान.
हिरवट ठिपके, पाच.
साठ वर्षं मीठ, ऊन, खवले,
अजून पाचच.
"गोंदणारीण घायत होती,
म्हणान लांब लांब टोचल्यान."

रोशनने एकटा 'म' ठेवला.
बाकीचं, म्हणाला, पाठ आहे.
मी जाड सुई काढली.