सतरा नंबरच्या बसमध्ये

शेवटच्या सीटखाली, एका हातमोज्याशेजारी
ते पालथं पडलं होतं.
पाठीवर शाळेचा शिक्का, त्यावर तिरपा दुसरा: रद्द.
मिझुरीतलं हे गाव, डिसेंबर, काचांवर गोठलेलं दहिवर.
हीटर चालू ठेवून डेपोतच वाचायला बसलो.
चित्रांचं पुस्तक, म्हणजे पोरासोरांचं, असं वाटलं होतं.

मंगळवारी शाळेच्या मंडळाची सभा झाली.
मी होतो मागे, कॉफीच्या थर्मासजवळ.
पान एकशे बारा, असं किन्सॉल्विंग बाई म्हणाल्या
आणि पान न उघडताच पाच हात वर गेले.
ग्रंथपाल उठली, पण तिची तीन मिनिटं
कधीच संपली होती.
मी गप्प. ड्रायव्हरला कोण विचारतंय?

म्हणून आधी एकशे बाराच उघडलं. कबूल करतो.
नखाएवढ्या बायका, रांगेत, कपडे पायाशी.
चेहरे नाहीत. एकीची फक्त पाठ,
मणका न् मणका मोजून काढलेला.
खाली बारीक अक्षरात:
ही आई असावी. तिची पाठ मी कधी पाहिली नव्हती.

मी पाहिली आहे. माझ्या आईची.
शेवटचे तीन महिने, स्टुलावर बसवून, कोमट पाण्याने.
दिवा मालव रे एल्डन, म्हणायची.
मी मालवायचो, आणि हातांनी बघायचो.
यात लाज कुणाला वाटायला हवी,
हे तेव्हाच उठून विचारायचं होतं.

मग पहिल्या पानापासून.
टोप्या शिवणारा बाप, लोड्झमधली गल्ली,
लेकीने काळ्या शाईत रेघ रेघ ओढून आणलेली.
एका चौकटीत शेजारीण पडदा ओढते.
पुढच्या चौकटीत नुसता पडदा.
त्याच्यापुढे पडदाच, फुलाफुलांचा.
इथे माझी कॉफी निवली.

हजेरीचं पान उलटवेना.
बर्फात, पहाटे, मोजतात, चुकतं, पुन्हा मोजतात.
पहाटे मीही मोजतो. एकतीस.
एक कमी भरलं तर हॉर्न देत थांबतो,
कुणाचा तरी बूट सापडत नसतो.

सापडलेली वस्तू ऑफिसात द्यावी, असा नियम आहे.
मी पुस्तक बाहीने पुसलं,
त्याच सीटवर ठेवलं, या वेळी उताणं.
दुपारी मार्लिस चढली, टर्कीवाल्यांचे दोघे भाऊ चढले,
घुम्या कोल्बी, ट्रम्पेटची पेटी छातीशी धरून.
पोरांवर नजर ठेवायला डोक्यावर आरसा असतो माझ्या.
तो मी छताकडे वळवला.
बघायचं नाही, असं आयुष्यात बरेचदा ठरवलंय,
दर वेळचं सांगण्यासारखं नाही.

शेवटच्या थांब्यानंतर इंजिन बंद करून मागे गेलो.
हातमोजा होता तिथेच.