मोजणी

येळ्ळूरच्या गडावर आम्ही तेवीस जण पोचलो.
तेवीस, हे मला होसमनी काकांनी विचारल्यावर कळलं.
"निघालो किती होतो, ताई?"
मी म्हटलं, पंचवीस असतील की.
"असतील?" म्हणाले, आणि काठी टेकत
आल्या वाटेनं उतरू लागले
पाण्याचा घोटही न घेता.

निवृत्त हवालदार एलिया होसमनी.
वय सत्त्याहत्तर, डाव्या गुडघ्यात स्टील,
पदकं ट्रंकेत, खिशात एक बुटकी पेन्सिल.
पाळकसाहेबांनी विषय दिलेला:
लढायांच्या इतिहासातून पुढारीपण.
मी रात्र जागून तक्ता केला होता,
वेढा, कूच, रसद, माघार,
प्रत्येकापुढे बाण, बाणापुढे धडा.
बुरुजावर उलगडला, तर वाऱ्यानं हिसकावून
थेट खालच्या उसात नेला.

खालच्या वळणावर मर्लिन बसली होती
तुटकी चप्पल मांडीवर घेऊन,
आणि तिला एकटी कशी सोडायची म्हणून प्रभू.
आम्ही शिट्ट्या मारत पुढं गेलो होतो.
काकांनी दोघांना कन्नडात विचारलं, ऊटा आय्ता?
आणि स्वतःची भाकर मोडून दिली,
शेंगाचटणी सगळी त्यांच्याच वाट्याला.
हे मला नंतर मर्लिननं सांगितलं.

सगळे सावलीत बसल्यावर
धाकट्या रूबेननं विचारलंच,
"काका, तुम्ही किती मारले?"
कुणीतरी त्याला चिमटा काढला.
काका बराच वेळ सांबऱ्याच्या बाजूला बघत राहिले,
एक विमान उतरत होतं.
"मारलेले मोजायला दुसरी माणसं होती, बाळ.
मला परत आलेले मोजायचे होते.
एकाहत्तरचा डिसेंबर. नदी. धुकं असं
की स्वतःचा हात परका वाटावा.
अकरा गेले होते. मी खांद्याला हात लावून
अकरा मोजले, आणि होडी सोडायला सांगितली.
एकाला दोनदा मोजलं होतं."

एवढंच. मग त्यांनी पेन्सिल काढली, परत ठेवली.
"चंदगडकडचा होता. गावडे.
त्याची आई असेतो दरवर्षी जायचो.
ती काही विचारायची नाही. चहा द्यायची.
नदी पहिल्यांदा कुणी ओलांडली, ते पुस्तकात असतं, ताई.
शेवटी कोण उतरलं, ते बघत जा."

उतरताना मी त्यांना गाठलं.
म्हटलं, वैऱ्यावर प्रीती करा म्हणणाऱ्याच्या घरात
लढाईचे धडे द्यायचे तरी कसे?
"मला नाही ठाऊक," म्हणाले.
"मीच विचारतोय त्याला, पन्नास वर्षं."

आमच्या भागात मोजणी म्हटलं
की माणसांना जमीन आठवते, हद्दीचा दगड,
कुठल्या गावात कुठली भाषा किती टक्के,
पाटीवर कुणाचं अक्षर किती इंच.
आमच्या संघात अर्धी प्रार्थना मराठीत होते,
अर्धी कन्नडात, आणि आमेन दोघांचं एकच.
तरी मी माणसं मोजली नव्हती कधी.
यादी वाचायचे, कुणीतरी "आहे" म्हणायचं, मी टिक करायचे.

पुढच्या रविवारी दाराबाहेर उभी राहून
मी चपला मोजल्या. जोड जोड, बोट लावून.
एक कमी.
जोएल. ईस्टरपासून नव्हता.
आणि वहीत पाच रविवार
त्याच्यापुढं माझ्याच हाताची टिक.

सोमवारी पहाटे स्कूटर काढली, उद्यमबागला गेले.
फाउंड्रीचं फाटक उघडलं, रात्रपाळी सुटली,
काळ्या वाळूनं भुवया भरलेली पोरं.
त्यातलं एक थबकलं. "ताई? इथं?"
पाठ केलेलं सगळं त्याच क्षणी विसरले.
ऊटा आय्ता, मी विचारलं, माझ्या मोडक्या कन्नडात.
"इल्ला," म्हणाला, आणि हसला थोडासा,
आणि शर्टानं तोंड पुसत बसथांब्याकडं गेला.

तो अजून आलेला नाही.
वहीतल्या पाच टिका मी खोडल्यात.
नाव आहे. पुढं पेन्सिल टेकवते दर रविवारी,
आणि उचलते.