दीड फूट

पुण्याहून आलेल्या दोन पोरी टेप ताणून उभ्या आहेत
जिंतूर रोडच्या घरात. बाईंच्या भाच्यानं
कुलूप काढून दिलंय, म्हणाला, बघून घ्या,
दिवाळीनंतर पाडायचंय.
काका, तुम्ही औंढेकर सरांकडे किती वर्षं?
एकतीस. ट्रेसर होतो.
सरांनी पेन्सिलीनं विचार करायचा,
मी शाईनं तो पक्का करायचा.

हैदराबादला शिकले. चंदिगडच्या उन्हात दोन वर्षं काढली.
अडुसष्ट साली परभणीला उतरले,
बगलेत ड्रॉइंगची नळी;
स्टेशनवरच्या हमालाला वाटलं, बंदूक आहे.
ऑफिस कुठं, तर सरकी-पेंडीच्या दुकानावर.
कागदांना अजून तो वास येतो.

चौतीस घरं बांधली.
बंगला म्हटलं की चिडायचे.
कृषी विद्यापीठातले प्राध्यापक, एक होमिओपॅथ,
कापूस फेडरेशनचा ग्रेडर, आणि ह्या, हेडमास्तरीण बाई.
पैसा कुणाकडेच नव्हता, म्हणून काळा दगड उघडाच राहिला,
विटा उघड्या, शहाबादी बिनपॉलिशची.
लोक विचारायचे, "सर, गिलावा कधी करायलाव?"
सर म्हणायचे, "पोरांच्या लग्नात करा."

माळवद मात्र सोडलं नाही त्यांनी.
माती गेली, काँक्रीट आलं,
पण वैशाखात झोपायची जागा तीच. कठडा जाळीचा,
बाजेवर पडल्या पडल्या वारा पायाकडून यावा असा.
जिना बाहेरून,
रात्री पाण्याला उठलेल्यानं कुणाची झोप मोडू नये.
चौकाखाली हौद.
नळ पंधरा दिवसांनी येणार, हे त्यांना तेव्हाच कसं कळलं?
नगरपालिकेलाही माहीत नव्हतं.

आता ही खिडकी.

चौऱ्याहत्तरचा फेब्रुवारी, उरुसाचे दिवस.
रात्रभर मी दर्ग्याच्या मैदानात, मौत का कुआँ दोनदा बघितलेला,
सकाळी तसाच बोर्डावर.
पेन्सिलीत होतं: सिल अडीच फूट.
माझ्या पेनातून उतरलं दीड.

लिंबाजी गवंड्यानं कागद मानला.
गवंडी कागदच मानतो.
सर साइटवर आले तेव्हा दगड बसून चार दिवस झालेले.
मी सायकल धरून लांब, कडुनिंबाखाली.
बराच वेळ बघत राहिले,
मग गेले आणि खिडकीत बसले.
पाय जमिनीला टेकले. पाठ चौकटीला.
एक सिगारेट संपली.
"मुनीर," म्हणाले, "पुढच्या घरालाही दीडच धर."

रागावले नाहीत. शाबासकीही नाही.
पुढं ते गेले तोवर
हा विषय आमच्यात निघाला नाही.

पुढच्या बावीस घरांत दीडच.
त्यावर बसून बायकांनी ज्वारी निवडली,
पोरं दहावीला बसली, होमिओपॅथानं तिथंच
पेशंटची जीभ बघितली उजेडात.
बाई शेवटच्या वर्षी उठायच्याच नाहीत तिथून,
पोस्टमन गेला की मग जेवायच्या.

सोळा उरलीत. त्यातल्या सातांना
निळी काच लागली, चकचकीत पत्रा लागला,
आत एसी, आत अंधार.

मोठी पोरगी वहीतून वाचते:
ही औंढेकरांची खास खिडकी. इथं बसलेला माणूस
घरातही असतो आणि बाहेरही.
धाकटी विचारते, हे त्यांना सुचलं कसं असेल, काका?

कडुनिंब आता नाही. रस्त्यावरून जीप जातात,
धूळ थेट आत येते.
मी टेपचं खालचं टोक फरशीला दाबून धरलंय.
गुडघे दुखायलेत. उठून खिडकीत बसावं वाटतं.

"किती आलं?"
दीड.
आकडा नीट बघून लिही, पोरी.