सोप्याखालची जागा

रायबंदरहून फेरीत बसून चोडणला आली
बुलडॉगची दोन पिल्लं,
हुर्राकाच्या बाटल्यांच्या खोक्यातून.
एकच आणणार होतास ना, मी म्हटलं.
"एकटं रडलं असतं," पुंडलीक म्हणाला
आणि चप्पल काढायच्या निमित्ताने
बराच वेळ खाली बघत राहिला.

चेहरे असे चुरगळलेले
की वाटावं, यांना कुणीतरी आधीच सांगितलंय
या घरात काय झालं ते.

बाझिलचा पट्टा अजून खुंटीवर.
चवथीला दार रंगवलं याने,
खालची वीतभर फळी तेवढी सोडली,
नखांच्या ओरखड्यांची.
मी काही विचारलं नव्हतं.

धाकटीला उंबरा चढवेना.
पोट आडवं आलं, तशी ती तिथेच बसली
आणि मला हसू फुटलं,
जूननंतर पहिल्यांदा.

रात्री वीज गेली.
अंधारात सोप्याखालून घोरणं.
अकरा वर्षं तिथे झोपून झोपून
बाझिलने कोब्याचा लाल रंग उडवलाय.
बॅटरी मारून पाहिलं:
त्या फिकट डागात दोघं मावली होती,
वर जागा उरली होती.

पुंडलीक जागाच.
"बांगड्याचं डोकं," तो म्हणाला,
"एवढ्यात नको ना द्यायला?"