टीप क्रमांक नऊ

रविवारी सकाळी नऊला कॉलेजात
शिपाई असतो, आणि आम्ही.
कूलरमध्ये पाणी ओतायची पाळी या आठवड्यात माझी.
जळगावचा एप्रिल. वर्गात बावीस नोकरदार,
कुणाच्या खिशात अजून पाइप कंपनीचा गेटपास,
शबाना पिंजारी बाळाला बहिणीकडे ठेवून आलेली,
भिरूड बँकेतला, त्याचा कॅल्क्युलेटर सगळ्यात मोठा.
मी डाळमिलमध्ये. अकरा वर्षं व्हाउचर.
चाळिशीत एम.कॉम. कशाला, आईनं विचारलं होतं.
म्हटलं, ताळेबंद वाचायला.
“त्यामा काय शे? दोन्ही बाजू बराबर ऱ्हातस ना.”

खैरनार सरांनी झेरॉक्स वाटल्या.
तीन वर्षांची पत्रकं, नाव व्हाइटनरनं झाकलेलं.
“समजा, ही कंपनी क. कर्ज द्याल का?”

माना खाली गेल्या.
चालू गुणोत्तर. मालसाठा. येणी किती दिवसांत वसूल,
देणी किती दिवसांत फिटतात:
एकवीस. मग चव्वेचाळीस. यंदा ब्याऐंशी.
भिरूड म्हणाला, “हुशार आहेत सर,
देणी लांबवून रोकड सांभाळलीय.”
“बरोबर. बिनव्याजी भांडवल.”
सरांनी ते फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या.

मी पान उलटलं. टिपा.
बारीक अक्षर. गोदामाच्या मागच्या दाराकडे
जसं कुणी फिरकत नाही, तसंच इथंही.
टीप क्रमांक नऊ, इतर चालू देणी:
हमाली, चार लाख अठरा हजार तीनशे सदतीस.

सदतीस.
तो सदतीस माझा आहे.
तीस मार्चला वीज गेली, बेरीज हातानं केली,
सदतीस रुपये जुळेनात,
दोन तास मेणबत्ती धरून शोधले
आणि सापडले भिका मुकादमाच्या वहीत,
तुरीच्या एका ट्रकाखाली, पेन्सिलीनं.
नाव झाकलं होतं त्यांनी. सदतीस राहून गेला.

“अहिरराव मॅडम, तुम्ही द्याल कर्ज?”
कूलरसमोर बसून मला घाम.
“गणित बरोबर आहे, सर.”
एवढंच.
पुढचं घशात चिकटलं, चुनीसारखं.

सोमवारी साडेदहाला भिका खिडकीशी,
पापण्यांवर पिवळी भुकटी.
“ताई, पैसा कधय भेटतीन? पोरनी फी भरानी शे.”
मी वही उघडली, उघडायची गरज नव्हती.
ब्याऐंशी ही सरासरी.
बारदानवाल्याचे पस्तीस, ट्रकवाल्याचे साठ,
भिकाचे एकशे चार.
त्याला काय सांगू,
की तू फळ्यावर आहेस, तुझ्याखाली दोन रेघा?

सहीच्या गठ्ठ्यात हमालीचं व्हाउचर
सगळ्यात वर ठेवलं.
संध्याकाळी गठ्ठा परत आला, सगळ्यांवर शेठची सही,
ते एक तळाशी, कोरं.
मंगळवारी पुन्हा वर.
बुधवारी पुन्हा.
गुरुवारी शेठ म्हणाले, शिकायला लागल्यापासून
तुमचं लक्ष नाही कामात.

मेअखेरीस निम्मे निघाले.
भिका म्हणाला, फीवर शंभर दंड बसला.
म्हणजे बिनव्याजी नव्हतं काही,
व्याज दुसऱ्याच वहीत पडत होतं.

जूनमध्ये पेपर. प्रश्न चौथा, आठ गुण:
देणी फेडण्याचा कालावधी वाढण्याचे परिणाम लिहा.
सूत्र लिहिलं. फायदे लिहिले, सरांनी सांगितले तेवढे.
मग खाली जागा उरली, तिथं लिहिलं:
भिका सोनू कोळी, वय एक्कावन्न, दिवस एकशे चार,
दंड रुपये शंभर.

सहा मिळाले.
समासात लाल पेनानं, तपशील अनावश्यक.
आई म्हणाली, “दोन कोठे गयात?”
म्हटलं, येण्यात धर.