दोन दारांची खोली

दोन्ही दारं एकदम कधीच उघडत नाहीत.
आधी बाहेरचं. ते मिटल्याची खात्री. मग आतलं.
मधल्या हातभर जागेत माणूस पिवळा होतो:
झगा, टोपी, मास्क, हातमोजे,
आणि माझ्यापाशी पोचतात ते नुसते डोळे.
डोळ्यांवरून मला कोणी ओळखू येत नाही.
मी बुटांवरून ओळखतो.
हिरव्या नाडीची ती फेना,
टाच घासत येतो तो रात्रपाळीचा.

मोडलंय माझं खुब्याचं हाड.
पण भरतीच्या कागदावर पहिलाच प्रश्न होता:
डुकरं पाळता का?
बाराशे, म्हणालो. जरा ऐटीतच.
लिहिणाऱ्या मुलीची खुर्ची मागे सरली,
इंचभर. जास्त नाही.

नाक, घसा, जांघ. काड्या फिरवल्या.
दोन दिवसांनी कळलं,
माझ्या नाकात कुणीतरी राहतंय,
बरीच वर्षं, भाडं न देता,
कुठल्याच औषधाला दाद न देणारं.
तुम्हाला त्याचा काही त्रास नाही, डॉक्टर म्हणाले.
झालाच, तर शेजारच्या खाटेला.
म्हणून शेजारी खाट नाही.

रीट येते दुपारी, बॉक्सटेलहून.
तिला झग्याची सक्ती नाही.
चव्वेचाळीस वर्षं एका पांघरुणात घोरलेली बाई,
तिच्याही नाकात तोच भाडेकरू असणार.
फक्त जाताना तिला सांगतात,
कँटीनमध्ये रेंगाळू नका, सरळ घरी जा.
कॉफी न पिता निघते ती.
खुब्यापेक्षा ते जास्त दुखतं.
तिनं आणलेलं शब्दकोडं इथेच राहणार,
नातीनं काढलेलं सहा पायांचं डुक्करही.
इथे आलेलं काही परत जात नाही.

भिंतीतला पंखा हवा ओढत राहतो.
माझ्या शेडमध्येही असाच घुमायचा.
तिथेही दोन दारं होती,
मीच बसवलेली, पाटीही माझ्याच हातची:
'अंघोळ केल्याशिवाय आत येऊ नये.'
विम्याचा माणूस, जनावरांचा डॉक्टर,
खुद्द माझा मेहुणा मार्टिनुस,
सगळ्यांना उघडं करून माझ्या निळ्या डगल्यात घातलं,
बाहेरचं काही पिलांना लागू नये म्हणून.
मार्टिनुस चिडायचा. मी हसायचो.

आणि ती पांढरी पूड.
पोतं फोडायचं, खाद्यात कालवायची,
आजारी नसलेल्यांनाही,
आजारी पडू नयेत म्हणून.
तेव्हा सगळेच घालायचे.
हे वाक्य काल मी मोठ्यानं म्हणून पाहिलं.
पंख्यानं तेही ओढून घेतलं.

आजारी डुक्कर आम्ही वेगळं काढायचो.
पाठीवर निळ्या फवाऱ्याची रेघ,
कोपऱ्यातला कप्पा, जास्तीचा पेंढा.
वडील त्याच्या सोबतीला
एक धडधाकट डुकरीण सोडायचे, लहानशी.
एकटं जनावर खात नाही, म्हणायचे,
भिंतीकडे तोंड करून बसतं.
मी शिकलेला. ते मी बंद केलं.
बरोबरच होतं. रोग पसरायचा थांबला.
भिंतीकडे बघत किती गेली,
ते मोजलं नाही.

आज अकरावा दिवस.
सलाईन बघून झाल्यावरही फेना थांबली.
झगा चढवायला एवढा वेळ लागतो,
लगेच काय काढायचा, म्हणाली,
आणि खिडकीच्या कट्ट्याला टेकली.
खाली मोटारींचा तळ, पॉप्लरची रांग, ओला उजेड.
डुकरांना नावं ठेवता का हो तुम्ही?
नावं लोक ठेवतात, म्हणालो.
मग थोड्या वेळानं:
एकीचं ठेवलं होतं.

कोणतं, ते विचारायच्या आत
कुठेतरी घंटा वाजली.
आतलं दार. पिवळा कागद चुरगळून डब्यात.
मग बाहेरचं.
काचेपलीकडे तिनं मास्क उतरवला
तेव्हा दिसलं, तिच्या हनुवटीला खळी आहे.
इतक्या दिवसांत पहिली हनुवटी.

सूप गार झालं होतं.
खुबा ठणकत होता, तरी वळलो,
भिंतीकडे पाठ केली
आणि प्यालो.