उंडानेन

पाण्यावर उभ्या खोलीत चार रात्री काढल्या आम्ही.
जावयानं आधीच पैसे भरलेले, परत मिळणार नव्हते.
काचेच्या फरशीखाली मासे;
त्यांच्या डोक्यावर पाय कसा ठेवायचा?
मी आपली कडेकडेनं चालायची.

आमच्या ह्यांना झोप नाही.
तीस वर्षं वडगावात सोळा मागांच्या खडखडाटात निजलेला माणूस,
दोन लाटांमधली शांतता ऐकून दचकायचा:
"धागा तुटलाय गं कुठंतरी."

चादर बदलायला एक पोरगा यायचा.
छातीवरच्या पाटीवर नुसतं बसू.
पहिल्या दिवशी इंग्रजीत वाकला.
दुसऱ्या दिवशी माझ्या साडीचा इरकली काठ बघितला
आणि हळूच म्हणाला,
"ऊटा आतेन्री, अक्का?"

गोकाकचा निघाला.

आमच्या गल्लीत पाटीवरच्या अक्षरांवरून
डोकी फुटलेली बघितलीत मी, दोनदा.
एकदा आमच्याच दिराचं.
तिथं मात्र "आतप्पा" म्हणताना घसा दाटला,
आणि त्यानं वाढलं असतं
तर भरल्या पोटी परत पानावर बसले असते.

काल गोकाकची बस धरली.
बसूची आई चुन्याच्या भिंतीला टेकून शेंगा फोडत होती.
तिला काय सांगायचं? पाणी निळं आहे?
पोरगा दिवसाला चाळीस उश्या थोपटतो?
"उंडानेन?" एवढंच विचारलं तिनं,
टरफलं पदरातच राहिली.

उंडान, म्हटलं. पोटभर.

त्याला जेवताना मी कधी बघितलंच नव्हतं.